दलिचंद शेठचे उंदीर

सोनगीरच्या पेठेत ढेपेचं दुकान विचारलं की कुणीही दलिचंद शेठकडे बोट दाखवतं. सरकीची ढेप, मक्याचा भरडा, खडेमीठ आणि राजस्थानातून ट्रकने येणारी गवारीची चुरी, म्हणजे गवारीच्या दाण्यांचा भरडा, एवढाच गुराढोरांच्या खुराकाचा माल. आजोबा मारवाडातून आले ते इथलेच झाले. शेठ घरात मारवाडी बोलतो, जैन स्थानकात प्राकृत म्हणतो आणि गल्ल्यावर बसला की अशी अहिराणी बोलतो की समोरच्या शेतकऱ्याला वाटावं, हा आपल्याच भाऊबंदकीतला, फक्त भांडत नाही एवढंच.

आता जिथे ढेप तिथे उंदीर हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दलिचंदच्या गोदामात उंदरांचं गोकुळ नांदत होतं. दुसरा कुणी असता तर औषध टाकून मोकळा झाला असता. पण शेठ पक्का जैन. पाय टाकताना मुंगी बघणारा, सूर्य मावळायच्या आत जेवणारा. त्याने तारेचे पिंजरे आणले. संध्याकाळी त्यांत तेल लावलेला भाकरीचा तुकडा अडकवायचा, सकाळी सापडलेल्या उंदरांवर गोणपाट टाकायचं, पिंजरा स्कूटरच्या पुढ्यात ठेवायचा आणि गावाबाहेर नाल्यावर जाऊन दार उघडायचं. उंदीर सुसाट पळाला की शेठ मनात नवकार मंत्र म्हणायचा. त्याची बायको कुसुमलता तर निघण्याआधी पिंजऱ्यात पाण्याची वाटी सरकवायची. प्रवासाला निघालेल्याला उपाशीतापाशी कसं पाठवायचं!

पोरगा रोनक चिडायचा. "पप्पा, लोक हसतात. उंदरांना फिरायला नेतो म्हणतात."

"हसू दे. माझ्या हातून कधी जीव गेला नाही, एवढं मला मरताना म्हणता आलं म्हणजे झालं," शेठ म्हणायचा.

हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं. एका चातुर्मासात स्थानकात महाराजसाहेबांनी प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसापासून थोडा ताठ बसायला लागला. पुण्यकर्माची गंमतच अशी आहे, की ते अंगावर दागिन्यासारखं घातलं की आरशात बघायचा मोह होतो.

नाल्यापलीकडे अभिमनचं वावर होतं. अभिमन साधा शेतकरी, कापूस आणि भुईमूग करणारा. वावरातच झापाचं घर होतं, दारात मोगरी नावाची म्हैस, तिची दूधपिती पारडी आणि एक लाल कुत्रा. मोगरी खरी अभिमनच्या आईची, भिकुबाईची. नवरा गेल्यावर म्हातारीने घर चालवलं ते म्हशीच्या जिवावर, त्यामुळे ती तिच्याशी सुनेपेक्षा जास्त बोलायची आणि सुनेला त्याचं काही वाटायचं नाही. चुरी नेहमी दलिचंदकडचीच. भिकुबाई सकाळी शेण काढताना नाल्यावर थांबलेली स्कूटर बघायची आणि हात वर करायची. शेठही हात वर करायचा.

दर वर्षी पर्युषण संपताना, संवत्सरीला, शेठ ओळखीच्या सगळ्यांकडे हात जोडून जायचा. "मिच्छामि दुक्कडम् अक्का. वरीसभरमा कळत नकळत मन्हाकडथून काही चुकं व्हई ते माफ करज्या." भिकुबाई बोळक्या तोंडाने हसायची. "तुम्ही काय चुकशात शेठ? मुंगीले बी रस्ता देतस तुम्ही."

यंदा भादवा लागायच्या सुमाराला अभिमन दुकानात आला तो वैतागलेला. भुईमुगाच्या वेलाखाली बिळंच बिळं झाली होती. उपटून बघावं तर शेंगांची नुसती टरफलं.

"शेठ, उंदीरस्नी वावरम्हा काहीच ठेवं नही. दुकानम्हा औषध ठेवा ना."

शेठने मान हलवली. "भाऊ, ते मन्हा दुकानम्हा भेटाव नही. मी जीव मारस नही, नि मारानं औषध बी इकस नही. पिंजरा लाव ना, मी लावस तसा."

"मंग कोठे सोडू? तुमना गोदामम्हा?" असं म्हणून अभिमन हसला. शेठही हसला. रोनक हसला नाही, तो बापाकडे बघत राहिला. शेठने चुरीचं पोतं तराजूवर चढवलं आणि बोलणं तिथेच संपलं.

आठवडाभरात पर्युषण लागलं. शेठने अठाई धरली. अठाई म्हणजे आठ दिवसांचा उपास, पोटात फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस असेतोवर. दुसऱ्याच दिवशी बातमी आली की अभिमनचा कुत्रा पिसाळल्यासारखा धावत, केकाटत, शेताच्या बांधावर पडून मेला. लोक म्हणाले, काही चावलं असेल. पण संध्याकाळी मोगरी थरथरायला लागली, गुडघ्यांवर बसली आणि पशुवैद्यक डॉक्टर सारिका येईपर्यंत तिचं हृदय थांबलं होतं. भिकुबाई तिच्या मानेवर डोकं टेकून बसली होती. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

डॉक्टर सारिका हुशार बाई, आणि प्रामाणिक. सगळा घोळ प्रामाणिकपणातून झाला. तिने कुत्रा पाहिला, म्हैस पाहिली, बांधावर मरून पडलेले उंदीर पाहिले आणि म्हणाली, "हे उंदीर मारायच्या एका जुन्या, घातक विषासारखं वाटतं. फ्ल्युरोॲसिटेट म्हणतात. त्याला चव नाही, वास नाही. शरीर त्याला अन्न समजून घरात घेतं आणि मग आतली चूलच विझते. मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर कुत्राही जातो. उतारा असा नाही. मी नमुने तपासायला पाठवते, तोवर हा संशयच आहे."

जमलेल्यांत कुणीतरी विचारलं, असलं विष येतं कुठून? इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची हौस. ती म्हणाली, "कारखान्यात बनतं, पण मुळात झाडंही बनवतात. आफ्रिकेत एक झुडूप आहे, गुरं त्याची चार पानं खातात, पाणी पितात आणि कोसळतात. ऑस्ट्रेलियातही तशी झुडपं आहेत. जनावरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती सोय. आपल्या गवारीतसुद्धा अगदी नावापुरता अंश सापडल्याचं शास्त्रज्ञ सांगतात."

पुढे ती असंही म्हणाली, की तेवढ्याने काही होत नाही, आपण सगळे गवार खातोच. पण ते ऐकायला कोण थांबतंय! 'गवारीत विष' एवढं ऐकलं आणि मोबाइल बाहेर निघाले. रात्र व्हायच्या आत ती बातमी गावागावाच्या ग्रुपवर फिरली. दुसऱ्या दिवशी बाजारात गवारीच्या शेंगांचे ढीग तसेच पडून राहिले, विकणाऱ्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. आणि गवारीची चुरी सोनगिरात विकत होता एकच माणूस.

अभिमनही हेच म्हणाला. सगळ्यांसमोर, मान खाली घालून, "चुरीच खादी व्हती तिनी." एवढं बोलून तो घरात गेला.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर गर्दी जमली. मारहाण करायला आलेली माणसं नव्हती ती, रोजची गिऱ्हाइकं होती, आणि म्हणूनच शेठला ते जास्त लागलं. एकाने चुरीच्या पोत्यात हात घालून मूठभर चुरी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"शेठ, चुरी चांगली शे ना? मंग एक मूठ खाई दाखाडा."

शेठ एरवी खाऊन मोकळा झाला असता. लहानपणी गोदामात खेळताना त्याने चुरी कितीदा तोंडात टाकली होती. पण अठाई चालू होती. पच्चक्खाण घेतलेलं, म्हणजे देवागुरूंसमोर शब्द दिलेला. त्याने हात जोडले.

"मन्हा उपास शे भाऊ. पारणं व्हवू द्या, मंग बठ्ठास्ना समोर खासू."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "बरा उपास उना शेठले!"

वर्षानुवर्षं त्याच्या उपासाचं कौतुक करणारे लोक आता त्याच उपासाकडे चोराची पळवाट असल्यासारखं बघत होते. मागून रोनक धावत आला, त्याने चुरीचा बकाणा भरला, सगळ्यांसमोर चावला, गिळला. पण लोकांना शेठचं तोंड बघायचं होतं, पोराचं नाही. गर्दी पांगली ती चुरी न घेताच. शेठला त्या दिवशी पहिल्यांदा भूक जाणवली. उपासाची नव्हे. कुणीतरी आपल्याला 'खरं आहे तुझं' म्हणावं याची.

रोनक गप्प बसणारा नव्हता. अभिमनने दुकानात औषध मागितल्याचं तो विसरला नव्हता. त्याने आसपासच्या आठवडे बाजारांत फिरून उंदीर मारायची पांढरी पूड विकणारा एक माणूस शोधला. नाव नसलेल्या पुड्या, कायद्याने बंद असलेला माल. रोनकने गोड बोलून त्याला बोलतं केलं आणि ते सगळं मोबाइलवर उतरवून घेतलं. सोनगीरकडचा अभिमन नावाचा शेतकरी पुडी घेऊन गेला होता.

"पप्पा, आता टाकतो हे सगळ्या ग्रुपवर. स्वतःच्या हाताने म्हैस मारली आणि नाव आपलं घेतलं. पोलिसांतही देऊ."

शेठच्या छातीवरचं ओझं उतरलं. खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. अभिमनवर तो इतका संतापला होता की सामायिकात, म्हणजे ध्यानाला बसूनही डोळ्यांपुढे त्याचाच चेहरा यायचा. तरी तो म्हणाला, "पर्युषणात नको. संवत्सरी होऊ दे, मग टाक."

संवत्सरीच्या दुपारी तो स्कूटरवर बसला. अंगात त्राण नव्हतं. कुसुमलता म्हणाली, "या वर्षी त्यांच्याकडे नाही गेलात तरी चालेल." पण क्षमा मागायची ती सगळ्यांची, ज्याच्याशी बिनसलं त्याची आधी. शिवाय, मनाच्या कोपऱ्यात एक लहानसा विचारही होताच, की उद्या रेकॉर्डिंग बाहेर पडल्यावर लोक म्हणतील, बघा, तरी शेठ आदल्या दिवशी हात जोडून गेला होता.

अभिमन घरी नव्हता. भिकुबाई रिकाम्या गव्हाणीशी पारडीला बाटलीने दूध पाजत बसली होती. शेठने हात जोडले आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. म्हातारीने वर पाहिलं.

"दरसाल तुम्ही हाई म्हनतस आन मी हासस. औंदा हासू येस नही, शेठ."

"अक्का, चुरीम्हा काही नव्हतं."

"माले ठाऊक शे." तिने बाटली खाली ठेवली. "घमेलं आमनं व्हतं. अभिमननी त्याम्हा इख कालवं, उंदीरस्साठे. नंतर धुयं, पन पुरं धुयं नही. त्याच घमेलाम्हा मी मोगरीनं चुरीनं आंबोन भिजाडं. मन्हा हातनं खादं तिनी." ती आपल्या हातांकडे बघत राहिली, जणू ते कुणा परक्याचे होते.

शेठचा राग होता तो जागच्या जागी विरघळला.

"तुमना रोनकनी बाजारम्हा चौकशी करी, ते बी माले कळनं," ती म्हणाली. "सांगी द्या गावले. अभिमन भ्याना म्हनीसन खोटं बोलना, त्याले जे व्हई ते व्हई. खरं ते खरं."

"अक्का…"

"पन एक इचारू का? तुमना गोदामना उंदीर तुम्ही कोठे सोडतस?"

शेठने नकळत मागे पाहिलं. स्कूटर नेहमीच्या जागी, नाल्यावर उभी होती. तिथून उतार सरळ भुईमुगात येत होता.

"नालावर," तो म्हणाला.

"मी रोज पाहे. माले वाटे, शेठ बठ्ठा जीवस्ले सोडस, आपले बी थोडं पुन्य लागी. म्हनीसन कधी बोलनू नही." तिने पारडीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही जीव वाचाडात, शेठ. मारानं काम आमनाकडे उनं. सांगा गावले, पन मंग पुरं सांगा. उंदीरपासून."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. शेठ जोडलेले हात तसेच घेऊन उभा राहिला. मिच्छामि दुक्कडम् हे शब्द त्याने आयुष्यभर प्रसादासारखे वाटले होते. आता ते पहिल्यांदा खरोखर लागू होते, आणि तोंडातून फुटत नव्हते. शेवटी तो वळून स्कूटरकडे चालू लागला.

संध्याकाळी प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जीवांची क्षमा मागताना त्याला फक्त एक म्हैस दिसत होती. माझ्या हातून जीव गेला नाही. हात स्वच्छच होते. हात स्वच्छ राहावेत म्हणून तर त्याने रोज नाला गाठला होता.

दुसऱ्या दिवशी पारणं. घरी पाहुणे, जैन संघाची मंडळी. रोनक मोबाइल घेऊन जवळ आला. "टाकू?"

"नको," शेठ म्हणाला. "राहू दे."

रोनक थक्क झाला. पण त्याच्या हातातलं रेकॉर्डिंग संघातल्या एक-दोघांनी आधीच ऐकलं होतं. बघता बघता कुजबूज घरभर पसरली. अभिमनचा गुन्हा हातात असून शेठने त्याला माफ केलं! संघाचे रतिलालजी गहिवरले. त्यांनी सगळ्यांसमोर शेठच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "क्षमा वीराचं भूषण, हे आज डोळ्यांनी पाहिलं." टाळ्या वाजल्या. कुसुमलताने मुगाच्या पाण्याचा चमचा त्याच्या ओठांना लावला. शेठने घोट घेतला आणि त्याला जोराचा ठसका लागला. आठ दिवसांचा कोरडा घसा, सगळे म्हणाले, होतं असं.

त्या हाराचं त्याने काय करावं! काढून ठेवला तरी मानेला टोचत होता. मी माफ केलेलं नाही, मी भ्यालो, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि तो आलेल्यांना पाणी विचारत होता.

पुढच्या सकाळी गोदामातल्या पिंजऱ्यात उंदीर होता. चांगला गलेलठ्ठ. कुसुमलताने सवयीने वाटी सरकवली, शेठने सवयीने गोणपाट टाकलं आणि स्कूटर नाल्यावर येऊन थांबली. पलीकडे भिकुबाई शेण काढत होती. तिने हात वर केला नाही. कंबरेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. शेठने दुसरीकडे जाऊन पाहिलं. सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी मेंढरांचा वाडा होता. हायवेच्या कडेला कुणाचा तरी मका. जिथे बघावं तिथे कुणाचं तरी वावर, कुणाचं तरी घर, कुणाची तरी म्हैस. इतकी वर्षं त्याला ही जमीन मोकळी वाटत होती.

पिंजरा न उघडताच तो परत आला तेव्हा पेठ उघडली होती. शेठचं पारणं झाल्याचं ऐकून गिऱ्हाइकं जमली होती, चुरी खाणार का ते बघायला. अभिमनही होता, पार मागे, खांबाला टेकून, चेहरा राखेसारखा. रोनकने आधीच ताटलीत चुरी काढून गल्ल्यावर ठेवली होती.

शेठने ताटली बाजूला सारली. तिच्या जागी पिंजरा ठेवला आणि गोणपाट काढलं. उंदीर तारेला नाक लावून सगळ्यांकडे बघू लागला. मागची दोन पोरं हसली.

अभिमनने निघून जायला पाऊल उचललं होतं. "थांब भाऊ," शेठ म्हणाला. "तुन्हाबद्दल नंतर. पहिले मन्हं ऐका."

त्याने दोन्ही हात पिंजऱ्यावर ठेवले.

"म्हैस कशी मरनी ते सांगस. पन उंदीरपासून सांगनं पडी." त्याने तारेमागच्या उंदराकडे बोट दाखवलं. "हाऊ उंदीर मन्हा शे."